नोटीस पिरियड कमी करून घ्यायचाय? आधी नेमणूकपत्र काढा

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरीत असताना पुण्याहून चांगली ऑफर येते आणि नवी कंपनी म्हणते, पंधरा दिवसांत रुजू व्हा. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या बऱ्याच मराठी घरांत हे घडतं. अशा वेळी घाईत राजीनामा देऊ नका. नव्या नोकरीचं पत्र लेखी हातात येऊ द्या, मगच बोला.

मग जुनं नेमणूकपत्र नीट वाचा. नोटिशीचे दिवस किती आणि उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटता येतं का, हे त्यातच असतं. पैसे नुसत्या बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर, कापणार की पूर्ण पगारावर, हेही पाहा. फरक मोठा पडतो. शिल्लक रजा नोटिशीत धरायची विनंती करा. नव्या कंपनीला ही रक्कम भरून द्याल का, असं बिनधास्त विचारा. पुष्कळ जण देतात.

साहेबांना आधी समोर भेटून सांगा, ईमेल त्याच दिवशी. हातातलं काम कोणाला सोपवलं याची यादी त्यांना द्या. लवकर सोडायला होकार मिळाला तर तो लेखी घ्या. न सांगता गायब होणं मला अजिबात पटत नाही. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांवर सगळा भार पडतो आणि रिलीव्हिंग लेटरही, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्रही, अडकतं.

सलग 5 वर्षं भरत आली असतील, तर ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांसाठी, थोडं थांबणं फायद्याचं. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, नव्या खात्यात वळवा.