मुलांना अमन, इन्साफ आणि इत्तेहाद शिकवताना या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात मगरिबची नमाज झाली की कुठे मशिदीच्या ओट्यावर, कुठे कुणाच्या पडवीत मक्तब, म्हणजे मुलांचा दीनी वर्ग, भरतो. तिथली मुलं हुशार असतात. जलशात उभी राहून अमन (शांतता), इन्साफ (न्याय), इत्तेहाद (एकी) यावर न अडखळता तकरीर (भाषण) करतात. पण खाली उतरल्यावर कुणी ढकललं, कुणी टोपी लपवली, की त्यातलं काहीच कामाला येत नाही. मी लहान मुलांना दीनियात (धर्माचे धडे) शिकवते आणि वारंवार एकच गोष्ट बघते. आपण मुलांना शांततेपासून सुरुवात करून देतो, इन्साफ मागून कधीतरी सांगतो. हा क्रमच चुकतो, आणि पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच येतात.

भांडण मिटवायची घाई

मागे मक्तबमध्ये एका मुलीच्या नव्या नूरानी कायद्याचं (अरबी अक्षरओळखीच्या पुस्तकाचं) पान ओढाताणीत दुसरीच्या हातून फाटलं. आजूबाजूच्या बायका धावत आल्या. "जाऊ दे गं बेटा, आपण सगळे भाऊ-बहीण ना, चल मुसाफा कर." पोरीनं हात पुढे केला, पण तिची नजर फाटलेल्या पानावरून हलेना. भांडण मिटलं असं मोठ्यांना वाटलं. मिटलं काहीच नव्हतं.

मी दोघींना समोर बसवलं. जिचं पान फाटलं तिचं आधी शेवटपर्यंत ऐकलं, मधे कुणाला बोलू दिलं नाही. मग दुसरीचं. तिचंही म्हणणं होतं. तिच्याकडे कायदाच नव्हता, आणि शेजारी बसूनही पहिली तिला बघू देत नव्हती. मग दोघींकडून एकमेकींचं म्हणणं वदवून घेतलं, "ती काय म्हणाली ते तू सांग." ते सांगताना दोघींचे आवाज आपोआप खाली आले. दुसरीनं घरून मैद्याची खळ करून आणली आणि पान स्वतः चिकटवलं. पहिलीनं सबक संपेपर्यंत कायदा दोघींच्या मधे ठेवायचं कबूल केलं. मुसाफा करा, असं कुणाला सांगावं लागलं नाही.

कुरआनातल्या सूरह (अध्याय) हुजुरातच्या 9व्या आयतीत (वचनात) ईमानवाल्यांचे दोन गट भांडले तर सुलह (समेट) करून द्या, असा हुकूम आहे. त्याच आयतीत पुढे ही सुलह इन्साफाने करा, असंही आहे. आपण पहिल्या भागावर थांबतो. ज्याचं नुकसान झालं त्यालाच "तू मोठा, तू समजून घे" म्हणतो. असं चार-सहा वेळा झालं की ते मूल तक्रार करायचं सोडून देतं, आणि आपण त्याला शहाणं समजतो. जे दांडगट आहे ते वेगळंच शिकतं: आधी मारायचं, मग गळाभेट घ्यायची.

इन्साफ फक्त दुसऱ्यांकडून मागणं

आपल्यावर कुठे काय अन्याय झाला हे मुलं घरात रोज ऐकतात. त्यातलं खरं असेल ते त्यांना कळायलाच हवं. पण आपल्या हातून दुसऱ्यावर होणारा अन्याय त्याच घरात बोलला जातो का? सूरह निसाच्या 135व्या आयतीत इन्साफावर ठाम उभे राहा, मग साक्ष स्वतःविरुद्ध, आई-बापाविरुद्ध किंवा नातेवाइकांविरुद्ध जात असली तरी, असा हुकूम आहे. सूरह माइदाच्या 8व्या आयतीत एखाद्या कौमबद्दलचा राग तुम्हाला बेइन्साफीकडे नेऊ नये, असं बजावलंय. या दोन आयती मुलांना शिकवताना उदाहरण आपल्याच घरातलं घ्यावं. बाहेरचं घेतलं की आयत आपल्याला लागू नाही असंच मुलाला वाटतं.

घरातलं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. ईदी देताना मुलाच्या हातावर मोठी नोट आणि मुलीच्या हातावर लहान. मुलगी हे विसरत नाही. नोमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकट्या त्यांना काही देणगी दिली आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांना साक्षीदार करायला गेले. हुजूरनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हटल्यावर साक्ष द्यायला नकार दिला आणि सांगितलं, अल्लाहला भ्या आणि आपल्या मुलांमध्ये इन्साफ करा. ही हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) मुलांसमोर आई-वडिलांनी स्वतः वाचून दाखवावी, आणि वाचल्यावर पुढच्या ईदला दोघांच्या हातावर सारखीच नोट ठेवावी.

मक्तब चालवणाऱ्यांनाही हे लागू आहे. जो मोठी देणगी देतो त्याच्या पोराची खोडी पोटात घालायची आणि मजुराच्या पोराला कान धरून उभं करायचं, हे मुलं बारकाईनं बघतात. मक्केच्या कुरैश कबिल्यातल्या मखजूम खानदानातल्या एका बाईनं चोरी केली, तेव्हा तिची शिफारस घेऊन उसामा बिन जैद गेले होते. पैगंबरसाहेबांना ते आवडलं नाही. तुमच्या आधीचे लोक याचमुळे बरबाद झाले, मोठ्यानं चोरी केली तर सोडायचे आणि कमजोराला सजा द्यायचे, असं ते म्हणाले. मुहम्मदची मुलगी फातिमा जरी असती तरी हाच न्याय झाला असता, असंही म्हणाले. हा किस्सा सांगणाऱ्या उस्तादनं त्या दिवशी छडी कुणावर उचलली, यावरून मुलं त्याचा खरेपणा ठरवतात.

न्याय म्हणजे कोर्टकचेरी असंही मुलांना वाटू देऊ नका. वजनकाटा त्यांना रोज दिसतो. पैगंबरसाहेबांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसानं भिजलं. मग ते वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, जो फसवतो तो आमच्यातला नाही, असं उत्तर मिळालं. कापूस वजनाला भरावा म्हणून पाणी मारणं काय असतं, हे खान्देशातल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. केळीच्या काट्यात मारलेले किलो आणि मजुराची दाबून ठेवलेली हजेरीही त्याला माहीत असते. त्याला फक्त विचारायचं, यात आमच्यातला कोण?

इत्तेहाद म्हणजे आपली टोळी

एकीचा धडा देताना आपण नकळत "आपण विरुद्ध ते" असा धडा देतो. उपाय म्हणून मी हिल्फुल फुदूलची हकीकत सांगते. पैगंबरसाहेबांना नबुव्वत (पैगंबरी) मिळण्याआधी मक्केत यमनच्या एका व्यापाऱ्याचा माल एका वजनदार कुरैशीनं घेतला आणि पैसे बुडवले. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी काही लोकांनी करार केला की मजलूम (ज्याच्यावर जुलूम झाला तो) कुणीही असो, त्याच्या बाजूनं उभं राहायचं. पैगंबरसाहेब त्यात होते, आणि पुढे इस्लाम आल्यानंतरही अशा करारासाठी हाक आली तर आपण जाऊ, असं ते म्हणत. मुलांना इथे थांबवून विचारा: हक्क कुणाचा होता? परगावच्या माणसाचा. दोषी कोण? गावातलाच मोठा. आणि एक झाले ते कशासाठी?

दुसरी बाजू घरातली आहे. तडवी, पिंजारी, मन्यार, बागवान, शेख, पठाण, सय्यद, सगळे नमाजच्या एका सफमध्ये (रांगेत) खांद्याला खांदा लावतात आणि बाहेर आल्यावर बिरादरीवरून टोमणे मारतात. मसलकवरूनही (पंथावरूनही) तेच, अमक्या मशिदीचे आणि तमक्या मशिदीचे. एका सहाबीनं (पैगंबरांच्या साथीदारानं) कुणाला त्याच्या आईवरून हिणवलं, तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्याला सांगितलं की तुझ्यात अजून जाहिलियत (इस्लामआधीचं अज्ञान) बाकी आहे. हुजुरातची 11वी आयत नावं ठेवायला, टोपणनावांनी चिडवायला मना करते. मक्तबमध्ये ज्या दिवशी कुणी जातीवरून चिडवेल, त्याच दिवशी ती आयत काढा, महिन्याच्या सबकची वाट बघू नका.

हुदैबिया घाईत उरकणं

मुलांना लढायांची नावं पाठ असतात, हुदैबियाचा तह एका ओळीत संपतो. खरं तर शांतता शिकवायला याहून चांगलं काही नाही. साल 628. पैगंबरसाहेबांसोबत उमरा (काबाची छोटी यात्रा) करायला निघालेल्यांना कुरैशनं मक्केबाहेर अडवलं. तहात दहा वर्षं लढाई बंद, पण या वर्षी परत जायचं. कुरैशच्या बाजूचे सुहैल बिन अम्र अडून बसले की कागदावर "रसूलुल्लाह" (अल्लाहचे पैगंबर) लिहायचं नाही. तह लिहिणाऱ्या हजरत अलींना ते शब्द खोडवेना, तेव्हा पैगंबरसाहेबांनी ते काढून टाकले. हजरत उमर अस्वस्थ झाले. मुलंही होतात, "मग आपण हरलो का?" त्यांना लगेच गप्प करू नका. भांडू द्या, दोन बाजू करा, एकाला सुहैल करा. मग 630 सांगा, जेव्हा मक्का जवळजवळ रक्तपात न होता हाती आली आणि बहुतेक जुन्या दुश्मनांना माफी मिळाली.

मोबाइलवर काही आलं तर

गावात तणाव असला की व्हिडिओ फिरतात आणि मूल घाबरून किंवा चिडून विचारतं. "तुला काय करायचंय" म्हणून मोबाइल हिसकावणं ही चूक आहे, आणि त्याच्यासमोर तोच व्हिडिओ पुढे पाठवणं ही त्याहून मोठी. हुजुरातची 6वी आयत बातमीची खातरजमा करायला सांगते, नाहीतर अजाणता कुणाचं नुकसान कराल आणि पस्तावाल. मुलासोबत बसून बघा: कुठलं गाव, कधीचं, कुणी पाठवलं? उत्तर नसेल तर ते पुढे जाणार नाही, हे त्याच्या देखत ठरवा. शेजारच्या हिंदू घराशी तुमचं येणं-जाणं असेल तर त्या दिवसांत ते थांबवू नका. जिब्रील हे फरिश्ते शेजाऱ्याबद्दल इतकी ताकीद देत राहिले की त्याला वारसाच करतात की काय असं पैगंबरसाहेबांना वाटलं, ही हदीस अशाच दिवसांत सांगायची असते.

मूल माफ करायला तयारच नसेल तर? जबरदस्ती नको. नुकसान भरून निघालंय का ते आधी बघा. निघालं असेल तर थोडा वेळ द्या. रुसवा तीन दिवसांपलीकडे नेणं जायज नाही आणि जो आधी सलाम करतो तो बरा, ही हदीस सांगा. तो लगेच विचारेल, "मग अब्बा आणि चाचा शेताच्या बांधावरून इतक्या वर्षांचे का बोलत नाहीत?" विषय बदलू नका. ते बरोबर नाही, असं सरळ सांगा, आणि त्याच आठवड्यात त्याला सोबत घेऊन चाचाच्या घरी जा. मोजणीचे कागद न्यायचे असतील तर तेही न्या.