पोरसाची फौज बेसवर चढवताना या चुका टाळा

टेबलावरच्या युद्धखेळासाठीच्या छोट्या सैनिकांच्या मूर्ती रंगवून झाल्या की हात शिवशिवतात आणि त्या बेसवर, म्हणजे पायाच्या पातळ चकतीवर, चिकटवण्याचं काम आपण एका संध्याकाळी उरकायला बसतो. अलेक्झांडरची माझी पहिली फौज मी अशीच उरकली आणि नंतर सगळी उखडून पुन्हा बसवली. त्यामुळे अलेक्झांडर आणि पोरसाच्या झेलमकाठच्या लढाईसाठी (इ.स.पू. ३२६) दोन्ही बाजू नव्याने तयार करताना प्रत्येक टप्प्यावर थांबत गेलो.

चिकटवण्याआधी भाले मोजा

डीबीए (De Bellis Antiquitatis) या प्राचीन लढायांच्या खेळाच्या नियमांत १५ मिमी मूर्तींच्या प्रत्येक एलिमेंटची, म्हणजे एका बेसवरच्या तुकडीची, रुंदी ४० मिमी. खोली सैनिकाच्या प्रकाराप्रमाणे बदलते. हत्तीला ४० बाय ४० चा ऐसपैस बेस मिळतो, पण फॅलँक्सच्या (लांब भाल्यांच्या दाट रांगांच्या) चार भालाईतांना खोली मिळते जेमतेम १५ मिमी. सरिसा हा मॅसिडोनियन लांब भाला खऱ्या मापात साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे मूर्तीच्या प्रमाणात जवळजवळ ५ सेंमी. चौघांचेही भाले आडवे ठेवून चिकटवले तर ते बेसच्या बरेच पुढे येतात. मग शत्रूच्या बेसला आपला बेस टेकत नाही. मागे आधाराला दुसरा फॅलँक्स लावला की त्याचे भाले पुढच्यांच्या पाठीला लागून रंग खरवडतात. माझी फौज उखडावी लागली ती याच कारणाने.

मागच्या एलिमेंटवर भाले उभेच ठेवा. पुढच्यांचे आडवे हवे असतील तर टोकं समोरच्या दोन मूर्तींमधल्या फटीतून जातील अशी बसवा. आणि आधी सगळी फौज ब्लू टॅकवर (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्यावर) उभी करून एक लढाई खेळून पाहा. एक संध्याकाळ जाईल, पण पुढचे कित्येक तास वाचतील.

बेस वाकला, कडा फुगल्या

पातळ एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) एकाच बाजूने पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल थापला की वाळताना बेस वाटीसारखा वर येतो. जाड पुठ्ठ्याचं तर त्याहून वाईट. मूर्ती लावण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाचा एक हात द्या आणि फेव्हिकॉल फार पातळ करू नका. वाकलाच, तर खालची बाजू किंचित ओलसर करून सपाट फळीला क्लिपांनी दाबून रात्रभर ठेवा.

कडेवरून ओघळलेली पुट्टी आणि वाळू एकेका बेसवर नजरेला येत नाही. बारा एलिमेंट शेजारी शेजारी लावले की ओळ ४८० मिमी भरायला हवी, माझी ५०० च्या वर गेली होती. पुट्टी ओली असतानाच कडेवरून बोट फिरवा. वाळल्यावर कानस लागते.

कोणता गोंद

सुपरग्लूच्या वाफेने रंगवलेल्या मूर्तीवर पांढरी बुरशीसारखी छटा चढते, विशेषतः दमट दिवसात आणि बंद डब्यात. धातूच्या मूर्तींनाही मी फेव्हिकॉलच लावतो. पकडायला वेळ घेतो, पण नियम बदलले आणि बेस बदलायचे झाले तर पाण्यात भिजवून सुटतो.

वाळवंट कुठून आलं?

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि मला सर्वांत जास्त खटकते. ‘प्राचीन’ म्हटलं की पिवळी वाळू, एवढं समीकरण ठरलेलं. पण अलेक्झांडरने नदी ओलांडली ती वादळी पावसाच्या रात्री. भारतीय धनुष्य माणसाच्या उंचीचं होतं, ते जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबत, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार एरियन सांगतो. निसरड्या जमिनीवर ते टेकवता आलं नाही आणि पोरसाचे रथ चिखलात रुतले, असं रोमन इतिहासकार कर्टिअसने लिहिलंय. म्हणजे चिखलाने इथे लढाईच्या निकालाला हातभार लावला. त्या फौजेला कोरड्या वाळूवर उभं केलं तर तिची गोष्टच हरवते.

वाळू नदीची घ्या आणि चहाच्या गाळणीतून चाळा. मोठा खडा १५ मिमी सैनिकाच्या पायाशी धोंड्यासारखा दिसतो. समुद्राची वाळू असेल तर दोनतीन पाण्यांत धुवा, नाहीतर मीठ ओल धरतं आणि पांढरे डाग वर येतात. रंग राखाडीकडे झुकणारा गडद तपकिरी. ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग) अगदी हलका, फक्त उंचवट्यांवर. दोन्ही फौजांना तोच रंग द्या, जमीन एकच होती.

मॅट (चमक नसलेल्या) व्हार्निशचा स्प्रे भर पावसाळ्यात मारू नका. हवेतल्या ओलाव्याने तो धुरकट पांढरा पडतो. तसं झालंच तर कोरड्या दिवशी आधी ग्लॉसचा (चमकदार व्हार्निशचा) हात द्या, धूसरपणा बहुतेक वेळा जातो, मग पुन्हा मॅट. स्टॅटिक ग्रास (गवतासारखे दिसणारे बारीक कृत्रिम तंतू) त्यानंतरच लावा आणि तोही विरळ, बेसच्या मागच्या कडेला.

रथाच्या चाकांमागे ओल्या पुट्टीत काडीने दोन चाकोऱ्या ओढून ठेवलेल्या असतील, तर अगदी शेवटी त्यांत ग्लॉस व्हार्निशचे दोन थेंब सोडा. साचलेलं पाणी दिसतं.