गच्चीवरच्या ट्रायपॉडला रंगाची खूण

दुर्बिणीचा माउंट, म्हणजे ती ज्यावर बसते ती फिरती बैठक, रोज ध्रुवताऱ्याशी जुळवण्यात अर्धा तास जातो. एका रात्री निवांत, नीट जुळवा. आवरण्याआधी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती ऑइलपेंटने गोल काढा, उत्तरेकडच्या गोलात ‘उ’ लिहा. पाय जिथपर्यंत बाहेर ओढलेत तिथे मार्करची रेघ मारा. माउंटचा कल ठरवणारा उंचीचा स्क्रू मात्र हलवायचा नाही. पुण्यात तो साधारण साडेअठरा अंशांवर असतो. पुढच्या वेळी पाय गोलात ठेवले की ध्रुवतारा पोलर स्कोपमध्येच (माउंटमधल्या, ध्रुवतारा शोधायच्या छोट्या दुर्बिणीत) सापडतो, उरते ती पाचेक मिनिटांची बारीक जुळणी. मग दुर्बिणीला लावलेला कॅमेरा लॅपटॉपच्या भरवशावर सोडून खुशाल चहाला खाली जा.

खुणेसाठी स्लॅबला ड्रिल मारू नका. मी मारलं होतं. पावसाळ्यात खालच्या खोलीचं छत गळलं, वर घरच्यांची बोलणी खाल्ली.