अँटिबायोटिकची गोळी आणि पाणी: किती, कधी, कशासाठी

अँटिबायोटिक सुरू झालं की घरात हमखास ऐकू येतं, 'गोळ्या उष्ण पडतात, पाणी जास्त पी.' सल्ला बरा, पण कारण चुकीचं. पाण्याने मळमळ, जुलाब किंवा तोंडाची कडवट चव धुऊन निघत नाही. जुलाब बहुतेकदा होतात ते औषध आतड्यातल्या उपयोगी जंतूंनाही मारतं म्हणून. पाण्याचं खरं काम म्हणजे गोळी जठरापर्यंत पोचवणं, काही औषधं लघवीत विरघळलेली ठेवणं आणि जुलाबात गेलेलं भरून काढणं.

पहिल्या कामात सगळ्यात जास्त चूक होते ती डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत. मुरुमांसाठी ती दिली जातेच, शिवाय पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होऊ नये म्हणूनही डॉक्टर ती देतात. दोन घोटांत गिळून लगेच आडवं झालं, तर कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते, तिथेच विरघळते आणि तिच्यातल्या आम्लाने आतलं अस्तर भाजतं. मग साधा वरणभात गिळतानाही छातीच्या मधोमध कळ येते.

म्हणून आधी एक घोट पिऊन घसा ओला करा. कॅप्सूल हलकी असते, तोंडातल्या पाण्यावर तरंगते. मान मागे टाकण्याऐवजी हनुवटी थोडी खाली झुकवली तर ती सहज उतरते. त्यावर 200 ते 250 मिली पाणी प्या आणि निदान अर्धा तास बसून किंवा उभे राहा. रात्रीचा डोस झोपताना नको, जेवणासोबत घ्या. गिळताना दुखायला लागलंच, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

गोळी चहा-दुधासोबत घ्यायची सवय इथे नडते. दुधातलं कॅल्शियम डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला बांधून ठेवतं, मग औषध रक्तात कमी पोचतं. लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि अँटासिड यांचंही तेच. सिप्रो त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्या. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटला दुधाचं वावडं नाही. ती जेवणाच्या सुरुवातीला घेतली की पोट कमी बिघडतं. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते, ती औषध संपलं की जाते. दारू मात्र ते घेताना आणि संपल्यावर तीन दिवस पूर्ण बंद.

सिप्रो आणि को-ट्रायमोक्साझोलचे क्वचित लघवीत खडे धरतात, त्यामुळे या औषधांवर असताना दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा. लघवी फिकट पिवळी दिसली म्हणजे पुरेसं. रिफाम्पिसिनने ती नारिंगी-लाल होते, नायट्रोफ्युरँटॉइनने तपकिरी. हा औषधाचाच रंग, घाबरायचं कारण नाही. पण हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर अँटिबायोटिकसाठी ती मर्यादा स्वतःहून ओलांडू नका.

जुलाब लागले तर नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएस लागतं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. ते एका पेल्यात ढवळलं तर पाणी घातक खारट होतं, विशेषतः मुलांसाठी. 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, तेव्हा छापील आकडा वाचा. तयार पाणी 24 तासांनी टाकून द्या. शौचात रक्त, ताप, पोटात मुरडा किंवा दिवसभर पाण्यासारखे जुलाब असतील तर डॉक्टरांकडे जा. हे कोर्स संपून काही आठवडे झाल्यावरही होऊ शकतं. जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नका.

अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर ती ॲलर्जी. तिथे पाण्याचा उपयोग शून्य. पुढचा डोस घेऊ नका, थेट रुग्णालय गाठा.

मुलांच्या ड्राय सिरपला उकळून पूर्ण गार केलेलं पाणी वापरा, गरम पाण्याने औषध बिघडतं. आधी बाटली ठोकून पावडर मोकळी करा, निम्मं पाणी घालून हलवा, फेस बसू द्या आणि मगच खुणेपर्यंत भरा. फेसासकट भरलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक डोस जास्त जातो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचं सिरप फ्रिजमध्ये ठेवा आणि 7 दिवसांनी उरलेलं टाकून द्या.