जांबोटी-चोर्ल्याच्या पावसात न्यायला वॉटरप्रूफ कॅमेरा कसा निवडायचा

जुलैमध्ये बेळगावकडचं खानापूर सोडून जांबोटीच्या पुढं चोर्ला घाटाकडं गेलात की रेनकोट असून पण सगळं ओलंच होतं, आणि तशात मोबाईल काढला की स्क्रीनवर थेंब पडून टच आपोआप लागत सुटतो, बोट एकीकडं आणि फोकस दुसरीकडं. फोनवर आयपी68, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा, लिहिलेलं असतंय खरं, पण ती टेस्ट स्थिर गोड्या पाण्यातली, धबधब्याच्या माऱ्याची नाही, आणि पाणी आत गेलं तर बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून बटणं असलेला छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा घ्या म्हणतो मी.

आता दुकानात सगळे पहिला खोलीचा आकडा विचारतात, 14 मीटर की 30 मीटर. अहो आपल्याला पाऊस, धबधब्याचे तुषार, फार तर कुंडात एक डुबकी, त्याला 10 मीटरवाला पण पुरतो की. बघायचा तो लेन्सचा एफ नंबर, तो जितका लहान तितका लेन्समधनं उजेड जास्त येतो. चोर्ल्याच्या झाडीत ढग उतरले की भर दुपारी तिन्हीसांजेसारखा उजेड असतो. ओएम सिस्टीम (पूर्वीची ऑलिंपस) कंपनीचा टीजी-7 एफ/2.0 पासून सुरू होतो आणि रिकोचा डब्ल्यूजी-80 एफ/3.5 पासून, म्हणजे झूम न करता टीजीत जवळजवळ तिप्पट उजेड येतो, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) कमी ठेवता येतो आणि फोटोत दाणे कमी दिसतात. झूम केला की हा फायदा बराचसा जातो, तेव्हा चार पावलं पुढं जाऊन फोटो काढा.

टीजी-7 15 मीटर खोल चालतो, 2.1 मीटरवरून पडला तरी टिकेल असा बनवलाय, आणि लेन्सपासून 1 सेंटीमीटरवरचं पण फोकस होतं. पानावरचा करंगळीच्या नखाएवढा बेडूक, त्याच्या डोळ्यातलं बुबुळ सुद्धा स्पष्ट येतं, माझा जीव त्यातच जास्त रमतो. बजेट कमी असेल तर डब्ल्यूजी-80 घ्या, 14 मीटर, आणि लेन्सभोवती 6 एलईडी आहेत, जवळच्या फोटोला त्यांचा खरंच उपयोग होतो.

जुना निकॉन डब्ल्यू300 किंवा पॅनासॉनिक एफटी7 सेकंडहँड मिळतो, 30-31 मीटर लिहिलेलं असतं, पण तो आकडा बॅटरीच्या दाराचं पाणी अडवणारं रबर नवीन असतानाचा. दाराचं रबर कडक झालं असेल, चीर दिसली तर सोडून द्या, कितीही स्वस्त असू दे.

कारण पाणी शिरतं ते बहुतेक वेळा त्या बॅटरीच्या दारातनंच. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याची बॅटरी कणकुंबीजवळ संपली, मी छत्रीखाली दार उघडून बदलली, पाण्याचा एक थेंब आत गेला नाही, पण तिथली दमट हवा आत कोंडली आणि गार पाण्यात धरल्याबरोबर लेन्सच्या आतनं धुकं आलं. पुसायचं कुठनं? दोन दिवस सगळे फोटो दुधाळ. तेव्हापासनं बॅटरी घरीच फुल्ल करतो, टीजी-7 ला सी-टाइप केबल चालते ते एक बरं आहे. बाहेरच्या काचेवरची वाफ वेगळी, एसी गाडीतनं गार कॅमेरा बाहेर काढला की ती येते, थोडा वेळ थांबलं की जाते.

मालवणला स्नॉर्केलिंगला नेणार असाल तर पट्टा तरंगणारा, भडक केशरी घ्या, नाहीतर कॅमेरा दगडासारखा तळाला जातो. खाऱ्या पाण्यातनं आल्यावर दार बंद ठेवूनच बादलीभर गोड्या पाण्यात दहाएक मिनिटं बुडवून ठेवा, मग पुसून सावलीत वाळवा. आणि रबर वर्षातनं एकदा सर्व्हिसला देऊन बदला, कंपनी पण तेच सांगते.

निघायच्या आदल्या रात्री कोरड्या खोलीत टॉर्च लावून रबराच्या कडेनं नीट बघा, एखादा केस, कापडाचा धागा, आपल्या तांबड्या मातीचा एक कण जरी अडकला असला तरी तिथनंच पाणी आत येतं. कोरड्या कापडानं पुसा, दार दाबून लॉक करा, आणि परत घरी येईपर्यंत उघडू नका.