दुकानदारांची जुनी टोकने जमवताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातील एका वाण्याचे तांब्याचे टोकन, म्हणजे सुट्या नाण्याऐवजी दुकानदाराने स्वतःच्या नावाने काढलेली चकती, पहिल्यांदा माझ्या हाती आले, तेव्हा मी त्याला चिंच लावली. देवाची भांडी जशी उजळतात तसे ते दहा मिनिटांत गुलाबी, लखलखीत झाले आणि दीडशे वर्षांत जमलेला तपकिरी थर कायमचा गेला. चिंच, लिंबू, राखुंडी किंवा भांडी घासायची भुकटी यांपैकी काहीही तांब्याच्या जुन्या टोकनाला लावू नये, कारण जाणकार संग्राहक तो तपकिरी थर पाहूनच वस्तूचा दर्जा ठरवतात आणि घासलेल्या टोकनाची किंमत सरळ खाली येते.

बाकीच्या बहुतेक चुका एकाच गैरसमजातून होतात : टोकन म्हणजे सरकारी नाणे, असे समजून त्याला नाण्याचे नियम लावले जातात. ऑस्ट्रेलियातील वसाहतींत चलनाची ओढाताण पहिल्यापासून होती. 1800 मध्ये गव्हर्नर किंग यांनी न्यू साउथ वेल्समध्ये चालणाऱ्या परकी नाण्यांचे भाव जाहीर केले, तेव्हा त्या यादीत आपला रुपयाही अडीच शिलिंग भावाने होता. पुढे 1851 मध्ये सोने सापडून माणसांचा लोंढा आला, व्यवहार वाढला, पण इंग्लंडहून येणारी तांब्याची चिल्लर पुरेना. मेलबर्नच्या ॲनंड, स्मिथ आणि कंपनी या किराणा दुकानाने 1849 मध्येच स्वतःची टोकने काढली होती. त्यांच्यामागून चहावाले, कापडवाले, लोखंडाचे व्यापारी असे अनेक जण उतरले. आपल्याकडे सुट्या पैशांऐवजी हातावर गोळी ठेवणारा दुकानदार साधारण हेच करतो, फक्त त्या गोळीवर त्याच्या दुकानाचे नाव आणि पत्ता नसतो.

म्हणूनच टोकनावर ‘एक पेनी’ असे लिहिलेले नाही म्हणून ते खोटे ठरवू नये. पुष्कळ टोकनांवर किंमत नसतेच. गिऱ्हाईक आकारावरून पेनी की अर्धी पेनी ते ओळखत असे. वजनाचा काटाही येथे जपून वापरावा. 1860 पूर्वीची ब्रिटिश तांब्याची पेनी सुमारे 34 मिलिमीटर व्यासाची आणि 18.8 ग्रॅम वजनाची होती, तर त्यानंतरची काशाची पेनी सुमारे 31 मिलिमीटर आणि 9.4 ग्रॅम. टोकनांना असे सरकारी बंधन नव्हते. कमी धातूत पेनीचे काम भागले तर उरलेला फायदा दुकानदाराच्या गल्ल्यात पडत असे, त्यामुळे हलके टोकन नकलीच असेल असे नाही.

गावाचे नाव न वाचता अंदाज बांधणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. ‘प्रोफेसर हॉलोवे’ या नावाची 1857 आणि 1858 ची टोकने ऑस्ट्रेलियात फिरली खरी, पण त्यांवर लंडन असे स्पष्ट कोरलेले आहे. गोळ्या आणि मलम विकणाऱ्या थॉमस हॉलोवे यांची ती जाहिरात होती आणि ‘प्रोफेसर’ ही पदवी त्यांनी स्वतःच लावून घेतलेली होती. काळाच्या बाबतीतही वसाहत पाहावी लागते. मेलबर्न जिच्यात येते त्या व्हिक्टोरिया वसाहतीने टोकनांवर 1863 मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने 1868 मध्ये बंदी घातली, हे वाचून 1881 सालचे टोकन बनावट म्हणून बाजूला ठेवणाऱ्याच्या हातून न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या मिल्नर आणि थॉम्पसन या वाद्यविक्रेत्यांचे अस्सल टोकन निसटू शकते.

मागील बाजू सारखी दिसली म्हणून दोन टोकने एकाच दुकानाची मानू नयेत. मेलबर्नचे थॉमस स्टोक्स यांच्यासारखे ठसे बनवणारे कारागीर मागच्या बाजूचे काही ठसे तयार ठेवत आणि तेच वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या नावाशी जोडत. नोंद करताना दोन्ही बाजूंचा फोटो, व्यास आणि वजन एकत्र लिहावे, अन्यथा पुढे जोडी जुळवताना घोटाळा होतो.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यानंतर डबा उघडला की टोकनावर हिरवे दिसते, तेव्हा आधी ते कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. घट्ट बसलेला, गुळगुळीत हिरवा थर जुना आणि निरुपद्रवी असू शकतो. त्याला हात लावू नये. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ती धातू खात असते, म्हणून ते टोकन लगेच इतरांपासून वेगळे काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. चिकट हिरवेपणा बहुधा मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून आलेला असतो. पाकीट फेकून द्यावे आणि टोकन काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून व जवळपास आग नाही याची खात्री करून, शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवावे, पण चोळू नये. नेलपॉलिश काढायचे द्रव त्यासाठी चालत नाही, कारण त्यात सुगंध आणि तेल मिसळलेले असते.