एअर शॉट का होतो आणि कार्डावर कसा मांडायचा

गोल्फमध्ये क्लब जोरात फिरला आणि चेंडू टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवर) तसाच राहिला, म्हणजे एअर शॉट झाला, की आजूबाजूचे हमखास सांगतात, "डोकं खाली ठेवा." हा सल्ला अर्धवट आहे. डोकं बळंच दाबून धरलं की खांदे अडकतात आणि फटका आणखी बिघडतो. खरी गडबड अंतराची असते. उभं राहताना खांद्यापासून क्लबच्या तळापर्यंत जे अंतर जमवलं, ते खाली येईपर्यंत कमी होतं. कोपर दुमडतं, नाहीतर गुडघे-कंबर सरळ होऊन छाती वर उचलली जाते. चेंडूचा व्यास जेमतेम ४.२७ सेंटीमीटर. क्लब निम्मा वर गेला तर चेंडू टॉप होतो, म्हणजे फटका त्याच्या वरच्या भागावर बसतो, पूर्ण वर गेला तर हुकतो.

नागपूरच्या उन्हात यात भर पडते. नवतप्यात तळवे घामेजतात, ग्रिप निसटेल म्हणून मूठ आवळली जाते आणि आवळलेली मूठ हात आखडवते. शिवाय वाळून टणक झालेल्या काळ्या मातीवर क्लब आपटेल या भीतीनं हात ऐनवेळी आपोआप वर ओढले जातात. म्हणून कोरडा पंचा आणि जास्तीचा ग्लोव्ह बॅगेत ठेवाच, प्रत्येक फटक्याआधी ग्रिप पुसा. सराव मॅटवर किंवा जमिनीपासून सेंटीमीटरभर वर ठेवलेल्या टीवर करा.

सात नंबरचं आयर्न (धातूच्या पात्याचा, मध्यम पल्ल्याचा क्लब) घ्या. क्लबचा तळ जमिनीला सपाट टेकवा, हात खांद्यातून सैल लोंबू द्या. ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यात साधारण एक मूठ जागा हवी. याहून लांब उभं राहिलात तर चेंडूपर्यंत पोचायला ताणावं लागतं. आधी चेंडू न ठेवता नुसती टी उडवा, हात कमरेपर्यंतच नेऊन. सलग दहा वेळा टी उडाली की मग चेंडू. पूर्ण ताकद सगळ्यात शेवटी. ड्रायव्हरला (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबला) उलटा धोका असतो: टी फार उंच असेल तर क्लब खालून निघून जातो. चेंडूचा अर्धा भाग क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसावा, एवढीच उंची ठेवा. पावसाळ्यात गवताच्या शेंड्यांवर अडकलेला चेंडूही असाच खालून सुटतो. तिथे क्लब जमिनीवर न टेकवता चेंडूच्या उंचीवर धरा आणि ग्रिप थोडी खालून पकडा.

आता मोजणी. चेंडू मारायच्या इराद्यानं क्लब पुढे आला की तो एक फटका, स्पर्श झाला नाही तरी. दंड नाही, पण फटका मोजायचाच. सरावाचा स्विंग मोजत नाहीत. खाली येताना विचार बदलून क्लब चेंडूच्या आधीच थांबवला, किंवा थांबत नाही म्हणून मुद्दाम चुकवला, तरीही फटका धरत नाहीत.

टीवरचा पहिला फटका हुकला तर पुढचा दुसरा. क्लबच्या हवेनं चेंडू टीवरून पडला, पण टीइंग एरियातच (होलचा पहिला फटका मारायच्या जागेतच) राहिला, तर तो उचलून पुन्हा टीवर ठेवता येतो, दंड न घेता. मात्र फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) सरावाच्या स्विंगनं चेंडू हलला तर एक फटक्याचा दंड, आणि चेंडू मूळ जागी परत.

स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून निकाल लागतो त्या खेळात, एअर शॉट झाल्या झाल्या मार्करला (तुमचे फटके कार्डावर लिहिणाऱ्याला) सांगा. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून कार्ड दिलं तर खेळाडू बाद होतो. माहीत नसलेला दंड राहून गेल्यास नियमात सवलत आहे, पण हुकलेला फटका दंडात बसत नाही, त्यामुळे ती इथे मिळत नाही.